बत्तीची डुलकी

नंदू, कणकवलीच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. वरच्या रांगेत ज्यांना तू जन्मात भेटला नाहीस असे चार-पाच पुढारी हात जोडून हसतायत, आणि खाली कोपऱ्यात तू, पोस्टाच्या तिकिटाएवढा. फोटोसुद्धा कुठल्या तरी लग्नातला. शेजारचा माणूस कापून टाकलाय, पण त्याचा पंजा तुझ्या खांद्यावर तसाच राहिलाय. मी एसटीच्या खिडकीतून बघितला. डेपोत उतरून आधी चूळ भरली.

म्हणजे अख्ख्या कणकवलीला ठाऊक आहे की तू गेलास. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तुझ्या आईला.

लाकूड कापायच्या कटरचं नवं पातं आणायला म्हणून निघालास. पातं घेतलंस, आणि परतीच्या गाडीची वाट बघत डेपोच्या बाकावर बसल्या बसल्या छाती धरलीस. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पातं तुझ्या मांडीवरच होतं म्हणे. आदल्या रविवारी माझ्या पडवीत तू तीनदा डावा खांदा चोळलास, तेव्हा मी म्हटलं होतं डॉक्टरकडे जा, तर म्हणालास, ‘फळी उचलली म्हणान दुखता.’ तुझ्या या हुशारीचीही मला आता चीड येते, हे तुला सांगून ठेवते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं हे मला कुणी शिकवू नये.

पुढचं सगळं तुझ्या थोरल्या भावाने, विनायकदादाने, उरकलं. तो कणकवलीतच राहतो, ऑफिसात साहेब आहे, तेव्हा सगळं त्याच्या हाताशी. तोंडवलीला, घरी, तुला आणलंच नाही. तिथल्याच स्मशानात नेलं आणि संपवलं. मला फोनवर सांगतो कसा, ‘‘सुमन, आईचं वय लक्षात घेता तिला धक्का सहन होणार नाही. योग्य वेळ पाहून आपण तिला कल्पना देऊ.’’ कल्पना देऊ! जशी काही उद्या पाणी येणार नाही याची वाडीला कल्पना द्यायची आहे.

तेव्हापासून तुझ्या घरात जे चाललंय ते बघून मला किळस येते. दुसरा शब्द नाही. भेटायला येणारी माणसं तुझ्या अंगणात न थांबता माझ्या पडवीत येऊन बसतात, कारण तिकडे रडलं तर म्हातारीला कळेल. माझी खानावळ बंद आहे, पण चहा काही बंद नाही. चहा पितात आणि तुझ्या मरणावर आपापलं ज्ञान पाजळतात. एकजण म्हणाला, करंट लागून गेला. दुसरा म्हणाला, त्या मशीनीच्या भानगडीत नको तितका शिरला होता. डेपोच्या बाकावर कुठला करंट, असं विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वंगाळ बोलले.

आणि तुझी शैला. तिच्या बांगड्या उतरवायच्या नाहीत असं दादाने ठरवलं. तिच्या मनाचा विचार करून ठरवलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. माझ्या नवऱ्याच्या वेळी बायकांनी माझे हात दगडावर आपटले होते, ते मी विसरलेले नाही. पण त्याने ठरवलं ते हिशेबाने. तुझ्या आईला, काकीला, डोळ्यांनी उजेड आणि काळोख एवढंच कळतं, कान जवळजवळ गेलेले, तेव्हा ती माणूस ओळखते ती मनगट चाचपून. चहाचा कप घेताना आधी शैलाचं मनगट धरते. तिथे बांगड्या हव्यात, म्हणून ठेवायच्या. रोज सकाळी शैला त्या खोलीत जाते, मनगट पुढे करते, आणि काकीच्या कानाशी ओरडून सांगते, ‘‘ते कणकवलेक गेलेत, येतले.’’ मग माझ्याकडे येऊन मोरीत तोंड धुते. परवा मोरीतूनच म्हणाली, ‘‘सुमाताय, माका माझ्या घरात रडाक पण जागा नाय.’’

काकी मात्र रोज एकच विचारते, तू कुठे आहेस. ‘‘नंदू खंय?’’

नंदू, मला राहून राहून तुझा तो कटर आठवतो. तू घरामागच्या शेडमध्ये टेबलाखाली तो बसवलास आणि माझ्या घरातली शांतता गेली. आपली दोन्ही घरं त्या शेवटच्या खांबावर, तिथे वीज पोचते तीच दमून. तू बटण दाबलंस की माझा मिक्सर वाटणाच्या मध्यात हुंदका द्यायचा. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मंदावायचा. पुण्याच्या एका बाईने मला विचारलं होतं, तुमच्याकडे भूतबाधा वगैरे आहे का? मी तिला म्हटलं, आहे, मागच्या शेडमध्ये बसतं, लुंगी नेसतं.

तू कुंपणाशी येऊन वर मलाच विचारायचास, ‘‘सुमे, तुझो मिक्सर रडता काय गो?’’

‘‘रडता नाय, मरता. तुझ्या नावान.’’

त्या वायरमनला तू बोलावलंस, तो आठवतो? सतत तंबाखू चघळणारा, आणि पिंक टाकायला माझी जास्वंदच हवी. त्याने तुझा भार वाढला की आपोआप पडणारा, ट्रिपचा स्विच बघितला आणि म्हणाला, ‘‘ह्यो काढून टाकूया. जाड तार घालतंय, मगे काय्येक पडाचा नाय.’’ म्हणजे दुखतंय तर ओरडणाऱ्याचं तोंड बांधा. तुला त्याचा इतका संताप आला की तू त्याला हातातल्या पकडीसकट अंगणाबाहेर काढलंस. तेव्हा तू मला फार आवडला होतास. हे तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मी म्हटलं काय, तर माझी जास्वंद आधी धुवून दे.

मग तू मला समजावत बसलास, मी नारळ खवत होते. ‘‘थांबलेली मोटर म्हणजे नुसती तांब्याची तार गो. फिराक लागली की ती आपणच करंटाक आडवता. पण पयल्या झटक्याक आडवूक कोण नाय. म्हणान ती एकदम मायंदाळ ओढता, आणि तुझो मिक्सर उपाशी रवता.’’ मी म्हटलं, म्हणजे होडी वाळूतून ढकलताना असतं तसं, पहिल्या हाताला सगळा जोर. तू म्हणालास, तसंच, पण होडी ढकलायला आपण शेजाऱ्याच्या घरातली माणसं न विचारता उचलून आणत नाही, हा कटर आणतो.

त्या पहिल्या झटक्याला आवरायचं म्हणून तू जे खटाटोप केलेस! आधी मोटरच्या वाटेत एक मोठा पिवळा बल्ब जोडलास. बटण दाबल्यावर बल्ब झकास पेटला आणि कटर नुसता गुणगुणत बसला, पातं जेमतेम हललं. मी म्हटलं, छान, आता याच्या उजेडात हाताने करवत चालव. मग कुठून तरी एक काळी चपटी गोळी आणलीस. थंड असली की अडवते, तापली की वाट सोडते, अशी तिची ख्याती. सकाळचा पहिला कट सुरेख झाला. माझा मिक्सर हूं की चूं न करता चालला आणि मी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. तू फळी फिरवून लगेच पुन्हा बटण दाबलंस, तर गोळी अजून तापलेलीच. तिने अडवलं काहीच नाही, आणि दोन्ही घरांत दिवे खाली बसले. तू त्या गोळीला ज्या शिव्या दिल्यास त्या समोरच्या शाळेपर्यंत गेल्या.

शेवटी ती पेटी. जुन्या शेगडीची कॉइल, तिच्या मातीच्या तबकासकट, जाळीच्या लोखंडी पेटीत, आणि शेजारी एक टायमर. बटण दाबलं की वीज आधी कॉइलमधून जायची, कटर हळूच उठायचा, लांब ‘हूं’ करत. मग आत ‘टक्’ व्हायचं, कॉइल बाजूला पडायची, आणि तेव्हा कुठे मोटरला पूर्ण ताकद मिळायची. दर वेळी तसंच, सकाळी काय, दुपारी काय. तू मला शेडमध्ये नेऊन पाच-सहा वेळा ‘हूं-टक्’ ऐकवलंस. ‘‘बघ, आता कोणाक कळाचा पण नाय मी कटर चालू केलंय तो,’’ म्हणालास. मी म्हटलं, एवढ्यासाठी माझ्या पोह्यांचा गोळा झाला.

कुणाला कळायचं नाही. तिथेच तर आपलं भांडण लागलं.

कारण काकीला तेवढंच कळत होतं. देवाकडचा तो लाल झिरोचा बल्ब तिच्या खाटेसमोर. घरभर नवे पांढरे दिवे आले तरी तो जुना तारेचा बल्ब तिने बदलू दिला नव्हता. तुझा कटर उठला की तो मिणमिण व्हायचा आणि परत वर यायचा. काकी हसून म्हणायची, ‘‘बत्तीन डुलकी घेतल्यान. नंदू कामार लागलो.’’ पेटी लागली आणि बत्ती डुलकी घेईना. तिने आधी वाट बघितली. मग तुला बोलावून विचारलं, तेव्हा मी तिथे पेज भरवत होते.

‘‘नंदू, बत्ती डुलकी घेणा नाय रे. तू कामाक जाणंस नाय काय?’’

तू तिच्या कानाशी वाकलास. ‘‘आये, आता ती घेवची नाय. मी पेटी लावलंय. बत्तीन डुलकी घेतल्यान की मोटर जळता. ह्या पुढे मी तुका सांगान कामार जातंय.’’ आणि तू तिचा हात घेऊन त्या पेटीवर नेऊन ठेवलास. म्हणजे आधी तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून शेडमध्ये नेलंस. तिने पेटी चाचपली, जाळी चाचपली, आणि विचारलं, ‘‘ह्यां मोटरीक सांभाळता?’’ तू म्हणालास, ‘‘होय.’’ ‘‘मगे बरां,’’ म्हणाली.

मला नाही बरं वाटलं. अंगणात मी तुला फैलावर घेतलं. ‘‘तिची येकच करमणूक हुती, ती पण काढून घेतलंस. डुलकी घेतल्यान तर घेवंदे हुती.’’

‘‘मोटर जळांदे?’’

‘‘आणि तू सांगूक नसशीत तेवा?’’

तू हसलास. ‘‘मी नसलंय तर कटर कोण चालू करतलो गो?’’

तेव्हापासून तू रोज सकाळी तिच्या खोलीत जायचास, भुशाने माखलेला पंजा तिच्या हातात द्यायचास आणि ‘कामार जातंय गो’ म्हणून निघायचास. ते मी खिडकीतून बघत आले. माझी हार झाली होती हे मी कबूल केलं नाही, आणि तूही ते वदवून घेतलं नाहीस. भांडण तसंच राहिलं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर ऐक. कटर कोण चालू करणार? तुझा दादा.

झालं असं, की काकीचं ‘नंदू खंय’ काही थांबेना. दादाला गणपतीत घरी आल्यावर ऐकलेली ती डुलकीची गोष्ट आठवली. फार लाडकी गोष्ट त्याची. ऑफिसात सांगतो, म्हणे, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘सुमन, सकाळ-संध्याकाळ तो कटर थोडा वेळ चालू करायचा. आईला दिवा मंद झालेला दिसला की नंदू कामावर आहे अशी तिची खात्री पटेल. तिला त्रास नाही आणि आपल्यालाही नाही.’’

मी म्हटलं, ‘‘दिवा मंद होत नाही आता. नंदूने पेटी लावलीये.’’

‘‘मग पेटी काढू.’’

‘‘दादा, काकीला माहीत आहे पेटीचं. तिने हात लावून बघितलीये.’’

‘‘या वयात एवढं कुठे लक्षात राहतं? आपण जरा प्रॅक्टिकल व्हायला हवं.’’

आपण म्हणजे मी. मी म्हटलं, तुम्हाला भावाचं मरण लपवायचं असेल तर तुमच्या तोंडाने लपवा, त्याच्या हाताचं काम मोडून नको. त्यावर तो मला अगदी हळू आवाजात म्हणाला, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. तुझ्या आईच्या तोंडात इतकी वर्षं घास कोण घालतंय, हे त्याला विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शैला दारात उभी होती, म्हणून गिळलं.

आणि त्याने आणलं कुणाला? त्याच तंबाखूवाल्याला. मी कुंपणाशी उभी राहून बघितलं. त्याने तुझी पेटी पायाने बाजूला सरकवली. दोन तारा काढल्या, पिळून एकमेकींना जोडल्या, वर काळी पट्टी गुंडाळली. ट्रिपचा स्विच काढून जाड तार घातली, जी तू घालू दिली नव्हतीस. आणि जाताना पिंक टाकली, कुठे ते तुला सांगायला नको. नंदू, मेलेल्या माणसाला लुटतात हे मी ऐकलं होतं. असं लुटतात हे नव्हतं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकीकडे पेज घेऊन गेले. शैला पायाशी बसली होती, बांगड्या घालून. काकीने विचारलं, ‘‘नंदू खंय?’’ शैलाने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शेडमध्ये दादाने बटण दाबलं.

टेबलावर फळी नाही, काही कापायचं नाही, रिकामं पातं. लाल बत्ती एकदम खाली बसली, पार विझायला आल्यासारखी, मग अडखळत वर आली. पण पूर्ण नाही आली. काकीच्या हातातला पेजेचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला.

दादा कटर तसाच गरगरत ठेवून धावत आत आला. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘आई, पाहिलंस का? बत्तीने डुलकी घेतली. नंदू कामाला लागला!’’ तो हसत होता. मी त्या हसण्याकडे बघितलं आणि पेजेचं भांडं खाली ठेवलं, नाहीतर फेकलं असतं.

काकीने त्याच्याकडे तोंड वळवलं. ‘‘विनायका,’’ ती म्हणाली, ‘‘पेटी कोणी काढल्यान?’’

दादाने मागे वळून शेडकडे बघितलं.

‘‘नंदून लावल्यापासून बत्तीन एकदा पण डुलकी घेतल्यान नाय. तो हयसर आसतो तर पेटीक कोणाक हात लावूक दिल्यान नसतो. आणि कामार जाताना तो माका सांगान जाता.’’ मग तिने हवेत हात फिरवून मला शोधलं. ‘‘सुमे, हे माका इतके दिवस भुलयतत. तू सांग. माझो नंदू, माझो झील खंय आसा?’’

दादा मान हलवून नको नको म्हणत होता. मी काकीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं, नंदू. तू गेलास हे मला तुझ्या आईला ओरडून सांगावं लागलं. बाक सांगितला, पातं सांगितलं. चटका सोसायला माणूस जसा श्वास धरतो तसा तिने धरला आणि सोडला. शैला तिच्या मांडीत कोसळली आणि आपल्या घरात, मोठ्याने, पहिल्यांदा रडली. काकी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. धक्का धक्का म्हणून ज्याची भीती घातली होती तो असा बसला होता, सुनेच्या डोक्यावर हात ठेवून. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि शेडमध्ये रिकामा कटर अजून ओरडत होता.

काकीने पुन्हा बत्तीकडे बघितलं. ती अजून मळकीच होती.

‘‘विनायका,’’ ती म्हणाली, ‘‘आदी तो बंद कर. माझ्या झिलाची मोटर जळतली.’’

दादा धावला. आवाज थांबला आणि बत्ती सरळ झाली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला त्या घरात कुणाची शिसारी आली नाही.